दाराशी आणलेलं मशीन

“आधी हात मागे बांध. गाडीला बोलू दे. दुखणं सांगितल्यावाचून कुणी राहत नाही.”

तीस वर्षांपूर्वीचा उस्तादांचा तो खरखरीत आवाज मिस्त्रींना अजून जसाच्या तसा आठवायचा. म्हणून त्यांनी हात मागे बांधले आणि रोपवाटिकावाल्याच्या जुन्या पिकअपसमोर, उघड्या बॉनेटकडे मान तिरकी करून ते उभे राहिले. इंजिन धडधडत होतं. त्यांना ऐकू येत होतं ते तेवढंच.

“आता बोला, मिस्त्री!” रोपवाटिकावाला स्टिअरिंगमागून ओरडला. “गेल्या आठवड्यात नवा पट्टा घातलात. गाडी अशीच केकाटत होती आणि तुम्ही म्हणालात, ‘बघा, गेला आवाज!’ मला वाटलं, थट्टा करताय. घरी पोचेपर्यंत गल्लीतली सगळी कुत्री मागे लागली.”

मिस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं. पण मागे बांधलेली बोटं एकमेकांत घट्ट झाली.

गेल्या आठवड्यात बायको बहिणीकडे गेली होती, हेच खरं कारण. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिचं मशीन पूर्वी आतल्या खिडकीपाशी असायचं; मग एके दिवशी “आत उजेड पुरत नाही” म्हणत तिनं ते ओढत गॅरेजच्या दाराशी आणलं. तेव्हापासून मिस्त्रींचं निभावलं होतं. बारीक, चिरके आवाज त्यांच्या कानांपर्यंत येईनासे झाले होते, आणि तिला मात्र ते सोसायचे नाहीत. गाडी किंचाळली की तिचा पाय पेडलवर थबकायचा. आवाज गेला की मशीन पुन्हा धावू लागायचं. तो पाय चोरून बघत मिस्त्रींनी नाव राखलं होतं. अख्खा रस्ता त्यांना ‘कान’ म्हणायचा. कानालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर उरलं काय? म्हणून ते कुणापाशी बोलले नव्हते. तिच्यापाशीही नाही.

“जरा रेस द्या.”

दाराशी मशीन थांबलं.

मिस्त्रींनी फिरत्या पट्ट्यावर पाण्याचा शिपका मारला. पट्टा घसरत असेल, तर ओला होताच आवाज घटकाभर तरी बदलतो. त्यांनी दाराकडे तिरका डोळा टाकला. पाय जागचा हलला नाही. म्हणजे पट्ट्याचा दोष नव्हता.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनाच्या एकेका भागावर, मूठ कानामागच्या हाडावर. ही उस्तादांचीच युक्ती. डायनामो गुळगुळीत. पाण्याचा पंप शांत. पट्ट्याला ताण देणाऱ्या छोट्या पुलीच्या बोल्टवर टोक टेकलं, आणि घासात खडा यावा तसं हाडाला कचकन जाणवलं.

“बंद करा. सापडली!”

पट्टा उतरवून त्यांनी पुली बोटानं फिरवली. ती खरखरत दोन फेरे फिरली आणि रुसल्यासारखी अडली.

“बेअरिंग कोरडं पडलंय. पट्टा बिचारा उगाच शिव्या खात होता.”

नवी पुली बसली. इंजिन सुरू झालं. मिस्त्री हात पुसत दाराकडे बघत राहिले. मशीन धावत होतं. टाक्यामागून टाका, टाक्यामागून टाका, कुठे अडखळणं नाही.

“वहिनी, कान आहेत का काय हे यांचे!”

“मोठे आहेत,” बायको शिवणीवरून नजर न काढता म्हणाली. “कामाचे किती, ते मला विचारा.”

रोपवाटिकावाला खदखदून हसला. जाताना त्यानं लिंबाचं एक रोप उतरवून पायरीवर ठेवलं. “हे तुमच्या कानांना,” म्हणाला, आणि पिकअप कोपऱ्यावरून मुकाट वळली.

मिस्त्रींनी रोपाला पाणी घातलं. मग एक रिकामा डबा पालथा घालून ते बायकोशेजारी बसले. गेल्या आठवड्यात त्यांनी किंचाळणारी गाडी हसतमुखानं रस्त्यावर सोडली होती. पुलीच होती, म्हणून निभावलं. उद्या ब्रेक असला तर?

त्यांनी बसल्या बसल्याच हात मागे बांधले.

“अगं.”

“हं.”

“मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली असतील.”

मशीन थांबलं. बायकोनं दातांनी दोरा तोडला, कव्हर मांडीवर सारखं केलं.

“तीन,” ती म्हणाली. “आतल्या खिडकीत उजेड चांगला होता हो.”