बिबा उतला

दिघोरीत कोणाचा गुडघा धरला, पाठ आखडली, की माणूस आधी रुखमिणीच्या ओसरीवर यायचा आणि मग जमलंच तर डॉक्टरकडे जायचा. बाईच्या हाताला गुण होता. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर सुईनं बारीक ठिपके द्यायचे, एवढीच काय ती विद्या. सासूकडून आलेली. सोबत सासूनं एक नियमही दिला होता. दुसऱ्या दिवशी जागा लाल होऊन सुजली म्हणजे बिबा उतला, आणि बिबा उतला म्हणजे आतला रोग बाहेर निघायला लागला. नाही उतला तर पुन्हा लावायचा.

अशा बाईच्या घरात दुखणं आलं तर ते डॉक्टरकडे कशाला जाईल?

तिचा नवरा वासुदेवराव. जन्म धानाच्या बांधीत गेलेला आणि गालात सदा खर्रा. तंबाखू-सुपारीच्या त्या गोळ्याला रुखमिणी सवत म्हणायची, पण सवतीला घराबाहेर काढणं तिला कधी जमलं नाही. रोवणी आटोपली आणि त्यांच्या जबड्याखाली एक गाठ आली.

"अक्कलदाढ असन," वासुदेवराव म्हणाले.

"या वयात अक्कल येऊन राहिली का तुमाले?" म्हणत रुखमिणीनं बिबा लावला. दुसऱ्या दिवशी गाठ लालबुंद झाली, गरम लागू लागली, आकारानं वाढली. घरात आनंद झाला. हो, आनंदच. नियमाप्रमाणे सगळं चाललं होतं. मुलगा विनोद एकदा म्हणालाही, "माय, लाखनीच्या डॉक्टरले तरी दाखवू." तर तिनं त्यालाच झापलं, "उतून राहिला ना बिबा! तुले कायची घाई?"

सूज बसली की ती पुन्हा लावायची. मोठ्या मायेनं लावायची, जपून, फुंकर घालत. धानाची कापणी झाली, चुरणी झाली, आणि वासुदेवरावांच्या तोंडात भाताचा घास जाईना. तेव्हा कुठे विनोदनं कोणाचं न ऐकता त्यांना गाडीत घालून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला. निकाल सांगायला डॉक्टरीणबाईनं मायलेकांनाच आत बोलावलं. वासुदेवराव बाहेर बाकावर बसले होते, तोंडावर दुपट्टा धरून.

"कॅन्सर आहे. गाठ गालात, मानेत फार पसरली आहे, आता ऑपरेशन होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "औषधानं थोडी रोखायचा प्रयत्न करू, दुखणं कमी करू. जरा आधी आला असता तर..." आणि ती थांबली.

ते अर्धं राहिलेलं वाक्य रुखमिणीच्या काळजात जाऊन बसलं. तिनं बिब्ब्याचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "बाई, खरं सांगा. माह्यानं झालं का हे?"

"नाही आई. हा खर्र्यानं झालेला कॅन्सर आहे."

"झाला कायनं ते नाई पुसत मी. वाढला कायनं?"

बाहेर पेशंटची रांग होती, तरी डॉक्टरीण भली पोर होती. तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "सूज येते म्हणजे शरीराचे राखणदार धावून येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जन्मापासून त्या राखणीवरच असतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. कॅन्सरची पेशी दिसली की काही तिला मारतात, काही गिळून टाकतात. काकांच्या शरीरात अशा किती पेशी त्यांनी आजवर मारल्या असतील, आपल्याला कळलंही नसेल. पण एखादी गाठ त्यांना पुरून उरते आणि मग त्यांनाच फितवते. गिळायला आलेल्या पेशी तिला जखम समजून भरायला लागतात. तिला रक्त मिळावं म्हणून नव्या नळ्या फुटायला मदत करतात. मारणाऱ्या पेशींना अडवून धरतात. काकांच्या गाठीच्या तुकड्यात अशा पुष्कळ दिसल्या."

रुखमिणीला सगळं समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे कुंपणच शेत खाऊन राहिलं," ती म्हणाली. "अन् मी सूज आणून आणून त्यायले आवतन देल्लं."

"असं ठामपणे म्हणता येत नाही. सूज सतत राहिली तर कॅन्सरला तिचा फायदा होऊ शकतो, हे खरं आहे. पण बिब्ब्यानं किती वाढला आणि एरवी किती वाढला असता, ते कोणालाच सांगता येणार नाही."

"तुमच्या मशिनलेबी नाई?"

"नाही आई."

तुमच्यानंच वाढला म्हणाली असती तर रुखमिणीनं कपाळ बडवून घेतलं असतं. तुमच्यानं नाही वाढला म्हणाली असती तर मोकळी रडली असती. आता काय करायचं? परतताना लाखनीला विनोदनं चहासाठी गाडी थांबवली. वासुदेवरावांनी चहा बशीत गार करून कडेकडेनं ओढला. रुखमिणी ट्रक मोजल्यासारखी नुसती रस्त्याकडे बघत राहिली.

वासुदेवरावांना साधी गाठ आहे एवढंच सांगितलं होतं. गोळ्यांनी काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी दुखणं असं उठलं, की त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. जबडा उघडत नव्हता. दातातूनच म्हणाले, "विनोदची माय, बिबा लाव ना वो."

"डॉक्टरीण नाई म्हणते."

"तिले काय मालूम? तुह्या हाताले गुण हाये." आणि त्यांनी गाल पुढे केला, लहान लेकरासारखा.

सगळ्या गावाचा विश्वास तिनं गोळा केला होता, पण हा विश्वास तिला पेलवेना. तिनं दिवा लावला, सुई घेतली. त्यांची पाठ होती तोवर बिबा पदरात लपवला आणि वाटीतलं जवसाचं तेल कोमट केलं. नुसत्या तेलाचे ठिपके एकेक करून दिले, फुंकर घालत. वासुदेवराव डोळे मिटून म्हणाले, "आता लागू पडन." खरंच थोडे शांत झोपले.

सकाळी ती चहा घेऊन आली तर गाल तट्ट सुजला होता. लाल, गरम. बिबा लावला नव्हता, तरी. गाठीला आता रुखमिणीच्या आवतनाची गरज राहिली नव्हती.

वासुदेवरावांनी हातानं गाल चाचपला. किती दिवसांनी त्यांचे डोळे हसले.

"उतला का वो?" त्यांनी विचारलं.

रुखमिणीनं चहाची बशी त्यांच्या ओठांना लावली.

"हाव," ती म्हणाली. "उतला."