तेलावर व्हार्निश

मी कठडा बोलतोय. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या होडीचा, उजव्या अंगाचा. जात सागाची, त्यामुळे बोलायची घाई कधी नसते.

सुतारानं मला तासून होडीवर बसवलं, तेव्हा नावाड्याला बजावलं, "याला जवसाचं तेल पाजत जा. पाजायचं हं, न्हाऊ नाही घालायचं." नावाड्यानं अर्धंच ऐकलं. दर दोन महिन्यांनी तो मला इतकं तेल चोपडायचा की उतारूंच्या बाह्या डागाळायच्या. लोक कुरकुरायचे. पण किती उन्हं गेली, किती पाणी गेलं, मला चीर पडली नाही.

पुढं नावाड्याचा खांदा आखडला. वल्हं उचलेना. तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आजपासून होडी माझी. तुम्ही बसायचं नि बघायचं."

तिला त्या डागांची लाज वाटायची. तिनं व्हार्निशचा डबा आणला. कामाला चोख पोर. पाच हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला, मधेमधे पॉलिशपेपर मारला. एवढंच राहिलं, की आधी टर्पेंटाइननं पुसून माझ्या अंगावरचं तेल काढायला हवं होतं. तेलकट लाकडाला व्हार्निश धरत नाही. नावाडी उलट्या बादलीवर बसून बघत होता. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

मी चकचकलो. लोक मुद्दाम हात फिरवायचे. वर्ष सरायच्या आत फोड आले, पापुद्रे सुटले. पाणी आत शिरलं ते तिथंच राहिलं, आणि सांध्यापाशी वीतभर मी काळा पडलो.

नेमकी आठ दिवसांवर होडीची सरकारी तपासणी आली होती. कठडा कुजका निघाला तर उतारू घ्यायची परवानगी जाणार, आणि घर तर त्या होडीवरच चालत होतं.

सुतारानं हातोडीच्या दांड्यानं मला ठोकून पाहिलं. "इथं मेलाय हा. तेल न काढता व्हार्निश कुणी मारलं?"

मुलगी बापाकडं वळली. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग दातखीळ बसली होती का?"

"पहिल्यांदाच मनानं काही करत होतीस. म्हटलं, हिरमोड कशाला करा."

"हिरमोड परवडला असता! आता काय, दोघांनी काठावर बसून लाटा मोजायच्या?"



शेजारच्या होडीवाल्यानं फुकटचा सल्ला दिला, "रंगाचा जाड हात मार. साहेबाला काय स्वप्न पडणार आहे?"

मुलगी म्हणाली, "काका, म्हातारी माणसं याला धरून उतरतात हो." आणि तिनं खरवडायला घेतलं.

सुतारानं काळा भाग कापला, नवा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडला. तिनं व्हार्निश पार काढलं आणि जवसाचं तेल घेतलं. नावाडी चांगल्या हातात फडकं धरून शेजारी बसला, आणि या वेळी त्याचं तोंड थांबेना. "पातळ लाव. अजून पातळ. मुरू दे जरा. आता कोरड्या फडक्यानं पूस."

"तुम्ही कधी पुसलंत?"

"नाही पुसलं. म्हणून तर बाह्या डागाळल्या लोकांच्या."

मुलीला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

साहेब आला. त्यानं माझ्यावर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकलं, सांध्यात नख रोवून पाहिलं. "ठिगळ दिसतंय," म्हणाला. मी हललो नाही. परवानगीच्या कागदावर सही झाली.

आज मी दोन रंगांचा दिसतो. चमक नाही, पण अजून बरीच वर्षं माणसांचे हात पेलीन. तुम्ही कधी लाकडाला काही लावायला बसलात आणि शेजारी एखादा जाणता गप्प दिसला, तर ब्रश खाली ठेवून त्याला विचारा. आणि तो जाणता तुम्हीच असाल, तर बाबांनो, पहिला हात वाळायच्या आत बोला.