पिलांच्या डालग्यातली घागर

मित्रांनो, नाकाला रुमाल लावून का होईना, परंतु थोडे जवळ या. मी एक जुनी तांब्याची घागर आहे. माझ्या अंगावर हिरवट काळा थर चढला आहे, आणि त्या थरात कोंबडीच्या पिलांची वाळलेली विष्ठा व पिवळी लव चिकटून बसली आहे. हे ऐकून तुम्हांस किळस येईल. मला तर ती कित्येक वर्षे येत आहे. परंतु किळसेचेही एक शिक्षण असते, आणि ते मला बिद्रीच्या बाजूच्या एका खेड्यात मिळाले.

माझा जन्म कोल्हापुरात एका तांबटाच्या दुकानात झाला. भट्टीत तापवून, ठोक्यामागून ठोका घालून त्याने माझे पोट गोल केले, गळा चिंचोळा केला व अंगभर मठार, म्हणजे ठोक्यांच्या खळग्यांची नक्षी, उठवली. गडहिंग्लजच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाकरिता मला विकत घेतले आणि माझ्या काठावर 'चि. सौ. कां. चिमणाबाई' अशी अक्षरे कोरून घेतली. अशा रीतीने रुखवतात मानाने बसून मी तिच्यासोबत सासरी आले.

सासरी चिमणाबाईचे यजमान पिराजी होते. ते साखर कारखान्यात पाळीवर जात. दुसरी होती त्यांची थोरली बहीण आक्का, जी वैधव्यानंतर माहेरी परतली होती. स्वयंपाकघर व पाण्याची जागा यांवर आक्काचेच राज्य चाले. तिचा एक नियम ब्रह्मदेवालाही मोडता आला नसता. न घासलेल्या घागरीत पाणी भरावयाचे नाही! चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती मला अशी घासे की शेजारच्या अंबूबाई उंबऱ्यातूनच म्हणत, "आक्का, घागर हाय का आरसा? थांबा, कुंकू सारखं करून घेतो."

"कर की. पर बोट लावू नगंस, डाग उमटतोय."

अशी स्तुती ऐकून मला गर्व होई. मळ, घाम, शेण, शेंबूड या सर्वांचा मला मनापासून तिटकारा होता.

चिमणाबाईस मात्र भांड्यांपेक्षा कोंबड्या प्रिय होत्या. अंड्यांवर तिचा स्वतःचा मीठमिरचीचा खर्च भागे व कोणापुढे हात पसरावा लागत नसे. त्या घरात तिचे म्हणावे असे तेवढेच होते. परंतु एका उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला. कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली आणि खुराडे रिकामे झाले. पिराजी तोंडात तंबाखूचा बार धरून ती मढी पायाला धरून उकिरड्यावर भिरकावीत आणि प्रत्येक मढ्यामागे एक पिचकारी सोडीत.

कोंबडीच उरली नाही, म्हणजे पिलांना पंखाखाली घेणारी आईही उरली नाही. पुढील थंडीत चिमणाबाईने विकतची पिले आणली, उबेसाठी डालग्यात निखाऱ्यांचे मडके ठेवले आणि वरून घोंगडे गच्च झाकले. डालगे म्हणजे कोंबड्या झाकण्याची मोठी बांबूची पाटी; ती सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, एका कोपऱ्यात असे. सकाळी घोंगडे काढले तेव्हा आत धूर होता आणि एकही पिलू हालत नव्हते.

तरीही त्याच्या पुढल्या थंडीत, सत्तर-एकाहत्तर सालच्या सुमारास, ती कोल्हापूरहून एस.टी.ने आली ती मांडीवर भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊनच. आतून चिवचिवाट येत होता.

"परत मढी उचलायला आणलीस व्हय गं?" आक्काने विचारले.

"जगतील ही, आक्का."

"गेल्या साली बी जगणारच हुती. भाजल्या वांग्यावाणी काढली बाहीर."

पिराजी जेवता जेवता म्हणाले, "हे बघ, ही बी मेली तर सोप्यातला कोपरा मोकळा करायचा. म्या तितं वैरण भरतो. परत या घरात कोंबडीचं नाव काढायचं न्हाय."

"न्हाय काढत," चिमणाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

घरात वीज आलेली नव्हती. निखाऱ्याची तिला दहशत बसली होती. तिने पुष्कळ विचार केला आणि मग तिची दृष्टी माझ्यावर स्थिरावली. माझे पोट मोठे असल्याने पाणी पुष्कळ मावे आणि गळा चिंचोळा असल्याने आत पिलू पडण्याची भीती नव्हती. तिने माझ्यात कढत पाणी भरले, तोंडाला लाकडी गुडदीचे बूच मारले, अंगाला गोणपाट गुंडाळले आणि मला डालग्याच्या मधोमध कोंड्यावर बसविले. वरून घोंगडे घातले, मात्र या वेळी एका बाजूने हवेला वाट ठेवली.

मित्रांनो, काय सांगू! पिले माझ्याभोवती पंगतीसारखी बसली आणि पंगतीला न शोभणारे सर्व काही त्यांनी माझ्यावर केले. गोणपाट भिजले, त्याखालून ते ओघळ माझ्या मठारीत शिरले. कोंडा कुजून त्याला असा उग्र दर्प सुटला की डोळे असते तर पाणी आले असते. ज्या पिलांचे मागचे द्वार घाणीने चिकटून बंद होई, त्यांना चिमणाबाई कोमट पाण्याच्या चिंधीने पुसे आणि ती चिंधी वाळवावयास टाकी ती माझ्याच गळ्यात! रुखवतात बसलेल्या घागरीने हे कसे सहन करावे?

म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी बदलण्याची वेळ आली की मला आनंद होई. कारण आक्काचा नियम डालग्यालाही लागू होता. ती गोणपाट दोन बोटांनी सोडवी, मला मोरीवर नेई आणि सावकाश, अंग दुखेपर्यंत घासे. मगच पाणी भरले जाई.

पिले मात्र मरू लागली. रोज डालग्याच्या कोपऱ्यात एखाददुसरे पोळीसारखे चपटे झालेले सापडे. पिराजींनी सांगून टाकले, "मानमोडीच हाय. वैरण आणाय सांगतो मी." त्या संध्याकाळी आक्का मला घासावयास घेऊन गेली, तेव्हा चिमणाबाई डालग्यापाशीच बसून राहिली.

मोरीवर अंबूबाई आल्या होत्या. "अगं बया, कोंबड्यांत ठिवून बी सोन्यावाणी झळकतीया की!" त्या म्हणाल्या. मी फुलून गेले. तोच चिमणाबाई धावत आली. तिच्या ओंजळीत एक चपटे पिलू होते.

"आक्का, घागर द्या."

"बूड ऱ्हायलंय अजून."

"ऱ्हाऊ दे बूड! ऊब गेली की पिलं एकमेकांवर चढत्यात. खालचं चेंगरून मरतंय. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत मेलं ह्ये."

"मग घाणीच्या घागरीत पानी भरू? चार बाया त्वांडात शेण घालतील."

"घालू द्यात. मी धुतो माझं त्वांड. डालग्यात हात घालून बगा, आक्का. बगा की एकदा!"

"शी! त्या नरकात हात घालू? तूच घाल. आन् ही घागर परत माझ्या सैपाकघरात आणायची न्हाय!"

मित्रांनो, अंबूबाई 'सोन्यावाणी' म्हणत होत्या त्याच क्षणी ते पिलू चेंगरत होते. माझ्या अंगावरच्या त्या झळाळीत मला त्याचे मिटलेले डोळे दिसले. विष्ठेचा वास मला पूर्वीही सहन होत नव्हता, पण त्या कौतुकाची जी शिसारी आली ती कोणत्याही घाणीची आली नव्हती.

त्या दिवसापासून चिमणाबाईने मला घासले नाही. ती जुने पाणी ओती, कढत भरी आणि क्षणात मला आत ठेवी. मी काळवंडले, वास मारू लागले. पिले मरणे थांबले. आक्का नाकाला पदर लावून सोप्यातून जाई आणि माझ्याकडे पाहून थुंके.

अद्याप पिलांना पिसे फुटावयाची होती, तोच गडहिंग्लजहून निरोप आला की चिमणाबाईच्या वडिलांस बरे नाही. ती सकाळी पाणी बदलून गेली व दिवस मावळण्याच्या आत येते म्हणाली. परंतु दिवस मावळला तरी एस.टी. आली नाही. पिराजी पाळीवर होते. माझ्यातील पाणी गार झाले. गार तांबे किती गार असते, ते पिलांना विचारा! ती माझ्यापासून दूर पळाली आणि कोपऱ्यात एकावर एक चढू लागली. त्यांचा आवाज एवढासा, परंतु सारे घर त्याने भरून गेले.

आक्का उंबऱ्यात आली. परत गेली. पुन्हा आली. अखेर नाक धरून तिने मला उचलले आणि सवयीप्रमाणे मोरीवर नेले. तिचा हात चिंचेकडे गेला. डालग्यातून चिवचिवाट येतच होता. मग तो कमी होऊ लागला.

तिने चिंच खाली टाकली. माझ्यातले गार पाणी ओतून टाकले, चुलीवरच्या हंड्यातले कढत पाणी माझ्यात भरले, मला तशीच घाण अवस्थेत आत आणून बसविले आणि मग, मित्रांनो, त्या सोवळ्या बाईने कोपरापर्यंत हात डालग्यात घातला. ढिगाच्या तळातून तिने एक पिलू ओढून काढले. ते हालत नव्हते. तिने ते तळहातावर घेऊन माझ्या अंगाशी धरले. बऱ्याच वेळाने त्याने चोच उघडली.

"ईऽऽ, हगलं मेलं हातावर!" आक्का ओरडली. परंतु तिने हात काढला नाही.

चिमणाबाई धापा टाकत आली तेव्हा आक्का तशीच बसली होती.

"गाडी बंद पडलती, आक्का. पिलं?"

"हाईत. बाचं कसं हाय?"

"बरं हाय आता." चिमणाबाईने भीतभीत विचारले, "घागर... घासून भरलीसा?"

"डोळं फुटलं काय तुझं? घासल्यावाणी दिसतीया व्हय?"

पिराजींना वैरणीसाठी तो कोपरा मिळाला नाही. हल्ली तेथे पिलांच्या उबेसाठी विजेचा दिवा लागतो, आणि मी गोठ्याच्या कडेला पालथी पडून असते. मला त्याचा विषाद नाही. घाणीचा तिटकारा मला आजही आहे, तो तुम्हीही अवश्य बाळगावा. परंतु तुमच्या स्वच्छतेपायी कोणाची ऊब निघून जात असेल, तर आधी हात घालून पाहा. हात घाण होईल. तो नंतर धुता येतो.