चुलवाणाची राख

२२ जून २००४, मंगळवार. सकाळी आठ वाजता दादासो कुरणे यांनी आपल्याच विहिरीची कप्पी काढली आणि दोर गुंडाळून ठेवला. पाण्याला आलेल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. बाया रस्त्यापलीकडच्या नळाकडे वळल्यावर दादासो कप्पी घेऊन घरात गेले.

कळंब्याच्या पुढे गारगोटी रस्त्याला लागून ही बौद्ध वस्ती आहे. विहीर दादासोंच्या वडिलांनी, बाळा कुरणे यांनी खणली. त्याआधी गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बाया कडेला उभ्या राहायच्या आणि कोणी तरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचं. धम्म घेतल्यावर बाळांनी ते ओतून घेणं बंद केलं. भावांना घेऊन त्यांनी स्वतःच्या अर्ध्या एकरात कुदळ मारली. पाणी गोड लागलं. पुढे त्या विहिरीवर कोणीही यावं आणि शेंदावं असा रिवाज पडला. शेजारच्या हंबीररावांच्या गुऱ्हाळाची प्यायची घागरही तिथूनच भरली जायची.

त्या गुऱ्हाळावर दादासो चुलवाण्या होते. चुलवाण्या म्हणजे काहिलीखालच्या जाळाचा माणूस. काहिलीत रस उकळतो, गुळव्या वरून बघत राहतो, चुलवाण्या खाली बसून वाळलेली चिपाडं आत सारतो. जाळ कमी पडला तर गूळ धरत नाही, जास्त झाला तर करपतो. या भागात चुलवाणातली, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीतली, राख चुलवाण्याच्या हक्काची असते. ती मागावी लागत नाही. हंगाम संपला की तो गाडी जुंपतो आणि घेऊन जातो.

त्या राखेला मागणी असे. बाया तिने भांडी घासत, म्हातारी माणसं दात घासत. वांग्यावर मावा पडला की तीच उधळायची, कडधान्यात तीच मिसळायची. बाळा कुरणे दरवर्षी विहिरीभोवतीच्या काळ्या मातीवर राखेचा थर टाकत आणि धुमसाने ठोकून बसवत. पावसाळ्यात तिथं बायांचा पाय घसरत नसे. वडिलांमागे दादासोंनी ते चालू ठेवलं.

१९९९ च्या हंगामात परतीचा पाऊस लांबला आणि चिपाडं भिजली. हंबीररावांनी हायवेवरच्या दुकानांतून जुनी टायरं आणली. कोयत्याने तुकडे करून ती चुलवाणात गेली. काळा धूर निघाला आणि काहिलीला अर्ध्या वेळात उकळी आली.

गुळव्या सयाजी वरून म्हणाला, "दाद्या, गूळ करतुयास का डांबर?"

"तू गूळ बघ. माझ्या तोंडाकडं कशाला बघतुयास?"

"तोंड दिसाय तर पायजे. नुसतं दात दिसत्यात."

पुढच्या वर्षी चिपाडं कोरडी होती, तरी टायरं आली. आजूबाजूच्या गुऱ्हाळांवरही येऊ लागली. हंगामाच्या शेवटी दादासोंनी चुलवाण उपसलं, तेव्हा राखेत तारांची भेंडोळी निघाली. राख जड होती. पांढुरकी नव्हती, काळी होती. तारा त्यांनी भंगारवाल्याला दिल्या आणि राख घरी आणली.

आक्काताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदाच त्या राखेनं परात घासली.

"अवं, ही राख न्हाय. हाताचं काळं जाईना, परातीला वास मारतुया."

"जळून गेल्यालं हाय. जळल्यावर काय ऱ्हातंय? राख ती राख."

"मग तुमीच घासा."

त्या वर्षापासून आक्काताईंनी बाजारातून भांड्याची पावडर आणायला सुरुवात केली. राख मात्र विहिरीभोवती पसरली गेली. घरात वापरायला नको असलेली वस्तू विहिरीला कशी चालते, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात आला नाही. चार हंगाम असे गेले.

आरोग्य खात्याने डासांसाठी विहिरींत गप्पी मासे सोडले होते. २००२ च्या पावसाळ्यात कुरण्यांच्या विहिरीतले मासे मेले. आरोग्यसेवक अमरसिंह यांनी पुन्हा आणून सोडले. हिवाळाभर आणि उन्हाळाभर ते टिकले. पुढच्या जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा, पुन्हा वर तरंगले.

"काका, हिरीत काय टाकलासा का?" अमरसिंहांनी विचारलं.

"बापानं खणल्याली हीर हाय. मी काय टाकीन तिच्यात?"

"औषधाचा पंप धुतला आसंल कुणी."

"कुणाची छाती हाय?"

हे ते खरंच बोलत होते. आठवडाभर त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक घराला जाब विचारला. दोन घरांशी बोलणं तुटलं. एकाच्या पोरानं पंप धुतल्याचा संशय होता. तो पोरगा त्या महिन्यात जयसिंगपूरला मामाकडे होता, हे नंतर कळलं. तोवर शब्द जाऊन बसले होते.

पाण्याला वास येऊ लागला होता. चहात दूध फाटे. अमरसिंहांनी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. तपासणी जंतूंची होती आणि जंतू सापडले नाहीत. पाणी पिण्यास योग्य, असं उत्तर आलं. दादासोंनी ते वस्तीला वाचून दाखवलं आणि सगळ्यांच्या देखत तांब्याभर पाणी प्याले. लोक पुन्हा भरू लागले.

यंदा, २० जूनच्या रविवारी, दुपारी जोराची सर येऊन गेली. आक्काताई घागर घेऊन विहिरीवर गेल्या आणि तिथूनच त्यांनी नवऱ्याला हाक मारली. ठोकून बसवलेल्या राखेत पावलांचे खळगे पडले होते. खळग्यांत पाणी साचलं होतं. काळं, वर मोरपिसासारखा तेलकट तवंग. भरलेल्या खळग्यातून एक धार निघाली होती आणि विहिरीच्या दगडांच्या सांध्यातून आत उतरत होती.

दादासो बराच वेळ उकिडवे बसून ती धार बघत राहिले. मग त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट धोतराला पुसलं. डाग राहिला.

"तरी मी परातीच्या वक्ताला म्हटलंवतं," आक्काताई म्हणाल्या.

"व्हय."

"त्या पोराला उगंच बोललासा."



सोमवारी ते हंबीररावांकडे गेले. हंबीरराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मालक, टायरं बंद करा. त्यांच्या राखेनं हिरीचं पाणी गेलं."

"आरं, मी टाकली व्हय तुझ्या हिरीत?"

"तसं न्हाय म्हणत."

"नेलीस तू, पसरलीस तू. एका साली मी म्हटलं, थोडी माझ्या वांग्याला ठेव. तर हक्काची हाय म्हणून गाडी भरून नेलीस. खोटं आसंल तर सांग."

"खरं हाय."

"मग? यंदा नेऊ नगंस. मी टाकतो कुठं तरी."

"कुठं टाकणार?"

"वड्याला. पावसानं जातीया वाहून."

दादासोंनी चहा संपवला. सरकारात तक्रार करावी असं मुलाचं, प्रसेनजीतचं म्हणणं होतं. तो कोल्हापुरात एका वकिलांकडे टायपिंग करतो. पण अर्जात लिहायचं काय? राख कोणी टाकली, या ओळीपुढे बापाचंच नाव येत होतं. अर्ज झाला नाही.

मंगळवारी कप्पी निघाली. बुधवार-गुरुवार बापलेकांनी कुदळीनं थर उकरला. वरची राख काळी होती. तिच्याखाली वडिलांच्या काळातली करडी राख लागली, दगडासारखी घट्ट. तिथं दादासो थांबले. प्रसेनजीत म्हणाला, "हीबी काढूया." ते म्हणाले, "ही ऱ्हाऊ दे."

काढलेली राख टाकायची कुठं, हे ठरेना. शेतात टाकली तर पाणी फिरून विहिरीकडेच येणार. ओढा खाली तलावाकडे जातो. खड्डा खणावा, तर भोवती सगळ्यांच्या विहिरी. शेवटी रस्त्याच्या कडेला ढीग लावला, चार दिवसांसाठी. सयाजी सायकलवरून चालला होता, तो थांबला.

"एवढी राख? इकणार हाईस?"

"विषारी हाय ती."

"कालपतूर दात घासत हुतास की."

धाकटी मुलगी श्रुती अकरावीला आहे. तिनं पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहिलं, 'ही राख कोणीही नेऊ नये.' वस्तीत पाटीचं हसू झालं. चुलवाणाची राख, वर हक्काची पाटी. दादासोंनी जवळच्या दोन-चार घरी जाऊन समजावलं. लोकांनी मान हलवली. एक म्हातारी म्हणाली, "दीऊ नगं बाबा. दोन बुट्ट्या राख, त्यात एवढं काय?"

रविवारी, २७ जूनला सकाळी ढीग निम्मा होता. चिखलात गाडीच्या चाकांच्या रेघा होत्या. त्या डांबरी रस्त्यावर चढून दिसेनाशा झाल्या होत्या. गाडी गारगोटीच्या बाजूला गेली की कोल्हापूरच्या, हे कळत नव्हतं. दादासो आणि प्रसेनजीत दोन्ही बाजूंच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन आले. राख नेली असं कोणी सांगितलं नाही. दोन ठिकाणी त्यांना, थोडी उरली असेल तर आम्हाला द्याल का, असं विचारलं गेलं.

सोमवारी पाऊस होता. नेलेली राख कोणत्या शेतात किंवा कोणाच्या विहिरीवर पडली, हे अजून समजलेलं नाही.