टेकडीमागची दोन घरं

"काका, फोटोत इथे तर काहीच नाही," पडद्यावर बोट ठेवत नकाशा तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

नकाशेकाकांचा नोकरीतला तो शेवटचा दिवस होता. तोफखान्याच्या संगणकासाठी नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. विमानातून घेतलेले फोटो बघून ते घरं, विहिरी, वाटा पडद्यावर उतरवायचे. मग यंत्र रंग भरायचं. वस्ती लाल, तिथे तोफ डागायची नाही. मोकळं रान हिरवं, तिथे खुशाल.

अकरा वर्षांपूर्वी पडद्यावर फार गर्दी होते म्हणून वरचे साहेब कुरकुरले, तेव्हा काकांनीच डोकं लढवलं होतं. तीनपेक्षा कमी घरं असतील तर ती दाखवायचीच नाहीत. नकाशा कसा सुटसुटीत झाला! साहेबांनी पाठ थोपटली, काका चार दिवस हवेत होते.

महिन्याभराने नवे फोटो आले. टेकडीमागे दोन घरं होती, मधल्या दोरीवर कपडे वाळत असायचे. तिथे आता खड्डा होता. नियम गुपचूप रद्द झाला. काकांना कुणी एका शब्दानेही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घरात दोरी बांधायची नाही, असा काकांचा हट्ट. बायको त्यांना जगावेगळा माणूस म्हणत ओले कपडे खुर्च्यांच्या पाठीवर टाकायची. कारण तिला त्यांनी कधी सांगितलं नाही.

आज शेवटच्या नकाशात काकांनी ती दोन घरं काढली होती. खाली सही मॅडमना करायची होती, आणि चुकीच्या नकाशावर सही म्हणजे नोकरीवरच बेतणार.

"फोटोत नसेल ते काढायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

काकांनी खणातून जुना फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. त्यातले कपडे लहान मापाचे होते.

"कुठे गेली ही घरं?"

"आधी मी पुसली. मग तोफांनी."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. एक कळ दाबली असती तर दोन्ही घरं पुन्हा गेली असती. त्यांनी फोटो उलटा ठेवला आणि सही केली.

यंत्राने थोडा वेळ घेतला. टेकडीमागचा हिरवा तुकडा लाल झाला. आता तिथे कुणीही तोफ डागणार नव्हतं.

निरोपाच्या चहाला बोलवायला शिपाई दोनदा येऊन गेला. काका चष्मा हातात धरून त्या लाल ठिपक्यासमोर बसून होते.