चटईच्या बरोबरीला

ही गोष्ट मी उंचीच्या मापाने सांगणार आहे.

गुडघ्याएवढ्या उंचीवर

एक खुर्ची. रद्दी पुठ्ठे एकावर एक चिकटवून केलेली. मक्याच्या पिठाची खळ, वरून निळा रंग, मांड्यांच्या मध्ये एक उंचवटा, म्हणजे पाय कात्रीसारखे आवळायला नकोत. ती सायकलच्या कॅरिअरवर उलटी बांधून मी गावात शिरले तेव्हा मागून पोरं ओरडली, "फाइनेसबाई खुर्च्या विकायला लागल्या!"

मी दवाखान्याची थेरपीवाली. झोम्बाच्या डोंगराखालच्या गावांतून फिरते. ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत अशा मुलांना बसायला, गिळायला, मान धरायला शिकवते, आणि त्यांच्या आयांना ते घरी कसं करायचं हे दाखवते.

खुर्ची तामांदासाठी होती. जन्मताना तिच्या मेंदूला हवा कमी पडली. आता बोलत नाही, पण हसते, आणि कोण आलं ते आवाजावरून ओळखते. तिची आई एनेलेसी तिला मांडीवर आडवी घेऊन पेज पाजायची. पेज पोटात जायच्या ऐवजी छातीत जायची. पावसाळ्यात दोनदा छाती भरली, दोनदा दवाखाना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तिसऱ्यांदा पोरगी परत येईल असं धरून चालू नका. तिला सरळ बसवून भरवा."

बसवली. कंबर वाकलेली, गुडघे वाकलेले, पावलं टेकलेली. एनेलेसीने चमचा पुढे केला. गिळलं! खोकला नाही. एनेलेसी टाळ्या वाजवत अंगणभर नाचली. आजी लुकिया चटईवरून बघत होत्या.

छताच्या उंचीवर

पुढच्या फेरीला खुर्ची वाशाला टांगलेली होती, आणि आत कोंबडी अंड्यांवर बसली होती.

तामांदा मांडीवर आडवी. छातीत घरघर.

"एनेलेसी, हे काय?"

"छान आहे ताई तुमची खुर्ची."

"दिसतंय. कोंबडीला आवडलेली दिसतेय."

"कोंबडीला कोणी नावं ठेवत नाही."

"आणि तुला ठेवतात?"

तिने मान फिरवली. उत्तर बाहेरून आलं. पेरूच्या झाडाखाली, घरातल्या एकुलत्या लाकडी खुर्चीवर तिचे मामा बसले होते, बिनिसोनी. आमच्याकडे घरात मामाचा शब्द चालतो, आणि तो त्यांना हळू बोलता येत नाही.

"मी आलो तर पोरगी वर बसलेली! आणि माझी थोरली बहीण, तिची आजी, खाली चटईवर. मी विचारलं, नवी राणी कधी बसवली? मुजरा कोणी करायचा, आजीने?"

शेजारच्या अंगणात दोघी मका कांडत होत्या. त्या मुसळं न थांबवता हसल्या. "राणीसाहेब जेवल्या का?" एकीने हाळी दिली. रोज देत असणार.

चटईवर

अंगणात येऊन मीसुद्धा आजीच्या चटईवरच बसले होते. गुडघे टेकून मामांना नमस्कार केला होता. मोठ्यांसमोर बाई खुर्चीवर बसत नाही, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. मग खुर्ची करताना ते कुठे गेलं होतं? दवाखान्यात सगळेच खुर्चीवर बसतात. मी दवाखान्यात बसून माप घेतलं.

"वर नको ना? ठीक. खाली घेऊ," मी म्हणाले. कोंबडीला टोपलीत हलवलं. तिने माझ्या हाताला चोच मारली. सुरीने खुर्चीचे पाय कापले. पुठ्ठाच तो. आता ती आजीच्या शेजारी, जमिनीला टेकून.

तामांदाला ठेवली. पाय समोर पसरलेले, आमच्या सगळ्या बायका बसतात तसे.

ती मागे घसरली. पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. तिच्या मांडीमागच्या शिरा आखूड. पाय सरळ केले की कंबर मागे ओढली जाते, मान वर जाते, आणि मान वर गेली की पेज छातीत. गुडघे वाकायलाच हवेत. गुडघे वाकायला पावलांना खाली जागा हवी. खाली जमीन.

"वर नाही, खाली नाही," मामा म्हणाले. "मग हवेत टांगा."

जमिनीच्या खाली

मला सुचलं आणि मी विचार केला नाही. भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. चटईच्या कडेला, तामांदाच्या पायांपाशी खणायला लागले. माती ओली होती, पटापट निघत होती. पावलं जातील एवढा खड्डा, बस! ती मावेल एवढा रुंद, खोली गुडघ्यापर्यंत—

मुसळं थांबली.

मी वर पाहिलं. एनेलेसीने पोरीला छातीशी उचलून घेतलं होतं आणि ती भिंतीपर्यंत मागे गेली होती. कांडणाऱ्या दोघी कुंपणाशी. एकीने डोक्यावर कापड ओढून घेतलं होतं, मयताच्या घरी घेतात तसं.

मी हातातली कुदळ पाहिली. शेजारी ताज्या मातीचा ढीग. खड्ड्याची लांबी-रुंदी. छाती घरघरणारं पोर.

"ताई," एनेलेसी म्हणाली, "माझी पोरगी जिवंत आहे."

"एनेलेसी, हे तिच्या पायांसाठी, मी फक्त—"

"माझ्या डोळ्यांदेखत माप घेतलंत तिचं! जा तुम्ही. खुर्ची न्या, थेरपी न्या. पुन्हा येऊ नका."

"बुजव ते," मामा उभे राहिले. पहिल्यांदाच हळू बोलले. "बुजव आणि जा, पोरी."

मी गेले असते तर तामांदा पुन्हा मांडीवर आडवी. मग पेज, मग छाती, मग खरंच कुदळ. हे मला दिसत होतं. मी मूठभर माती उचलली.

"थांब."

आजी. त्या हातांवर जोर देऊन चटईवरून सरकत आल्या, कडेला आल्या, कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड गुडघ्यांवर नीट केलं आणि दोन्ही पाय खड्ड्यात सोडले.



"अगं बाई," आजी म्हणाल्या. "गार आहे आत."

"अक्का! बाहेर निघ!"

"का? या अंगणात पहिला खड्डा कोणाचा असायला हवा, बिनिसोनी? सगळ्यांत म्हातारं कोण आहे इथे?"

"अक्का, असं बोलू नये."

"तुझं नाक मी पुसलंय. मला शिकवू नकोस काय बोलावं. हा माझा खड्डा. मी यात बसले, मला काही झालं नाही. माझे गुडघेसुद्धा बरे वाटतायत." त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "आणि तुम्ही दोघी, ते डोक्यावरचं काढा. मेलेली नाहीये मी."

मग हात पुढे केले.

"एने, आण तिला. माझ्या खड्ड्यात माझी नात बसली तर कोणाच्या डोक्यावर बसत नाही."

एनेलेसी हलली नाही. आजींनी हात खाली घेतले नाहीत. दुखत असणार त्यांचे खांदे. तरी नाही घेतले.

बरोबरीला

एनेलेसी आली. पाय ओढत, माझ्याकडे न बघता.

आजी थोड्या बाजूला सरकल्या. मी कापलेली खुर्ची कडेला आणली, तामांदाला तीत ठेवलं. गुडघे कडेवरून वाकले. पावलं खाली गेली आणि तळाला टेकली, आजीच्या पावलांच्या शेजारी. पाठ सरळ. मान सरळ. तिचं डोकं आजीच्या खांद्याच्या खाली, नातीचं असावं तिथेच.

तिने बोटं हलवली. ओली माती लागली असेल. हसली.

"वाटी," आजी म्हणाल्या.

एनेलेसीने चमचा अर्धाच भरला. तामांदाने तोंड उघडलं. घेतलं. गळ्यावरची एक छोटीशी हालचाल.

आम्ही थांबलो. मी, एनेलेसी, आजी, कुंपणाशी त्या दोघी, उभे असलेले मामा. सगळे एका खोकल्याची वाट बघत.

आला नाही.

दुसरा चमचा. आला नाही.

मामा खुर्चीत परत बसले. खुर्ची कुरकुरली. "उरली तर मलाही द्या पेज," ते म्हणाले. "आणि अक्का, तुझे पाय काढ आता. तिला अडचण होतेय."

"थांब जरा," आजी म्हणाल्या. "गार आहे."

कुंपणापलीकडे उखळात पुन्हा एक मुसळ पडलं. मग दुसरं.