धुतलेली अंडी

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास ताई तारेचं बंडल आणायला मागच्या शेडमध्ये गेली, तेव्हा धाकटा भाऊ तिथे पाटावर बसला होता. उजव्या हाताला अंड्यांचे ट्रे, डाव्या हाताला पत्र्याचा डबा. डब्यात कोंबड्यांची ओली विष्ठा पाण्यात कालवून ठेवलेली. तिच्यावर पांढरट साय धरली होती आणि सायीवर दोन माशा चिकटून मेल्या होत्या. तो ब्रश डब्यात बुडवायचा, काठावर निथळवायचा आणि अंड्यावर एक फटकारा मारायचा. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसरं कोरं सोडायचा. डाग ओला असतानाच एखादं बारीक पीस त्यावर चिकटवायचा. जीभ दातांत धरून, पोरं चित्र रंगवतात तसं चाललं होतं.

ब्रश वडिलांचा होता. दाढीचा. मुठीला तडा गेल्यावर त्यांनी स्वतः गुंडाळलेला काळा दोरा अजून तसाच होता.

"काय करतोयस?"

"दिसतंय की." त्याने मान वर केली नाही. "गिऱ्हाईकाला हवं ते."

"घाण फासतोयस अंड्यांना."

"घाण कसली? तुझ्याच पोरींची आहे."

कोंबड्यांना तो ताईच्या पोरी म्हणायचा. एकशे साठ होत्या. चाकांच्या खुराड्यात रात्र काढायच्या आणि दिवसभर गवतात. खुराडं वडिलांनी बांधलेलं, दर तीन दिवसांनी ताई ते ढकलून ताज्या गवतावर नेत असे. अंडी घालायच्या खोक्यांतला पेंढा ती रोज सकाळी बदलायची आणि दिवसातून तीनदा अंडी गोळा करायची, त्यामुळे ती स्वच्छ निघत. अगदी कोरी. आणि शनिवारच्या बाजारात नेमकं हेच आड येत होतं. चष्मा सावरत लोक अंडं उचलायचे, उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "इतकी स्वच्छ? मशिनची दिसतात." शेजारच्या गाळ्यावर शिटेने माखलेली, पिसं लागलेली अंडी दहाच्या आत संपत. ती पिंजऱ्यांच्या कुठल्या शेडमधून यायची, हे बाजारात सगळ्या विक्रेत्यांना ठाऊक होतं.

बाजार धाकट्याकडे होता. गेले चार शनिवार आपली अंडी संपत होती, आणि का, हे ताईला आत्ता कळत होतं.

"अंडी आपलीच ना?" धाकटा म्हणाला. "कोंबड्या गवतातल्याच ना? मग खोटं काय आहे त्यात? खऱ्या मालाने खऱ्यासारखं दिसायला नको?"

"खऱ्यासारखं म्हणजे हागल्यासारखं?"

"लोकांना कोंबडीच्या बुडाचा दाखला लागतो, ताई. त्याला मी काय करू?"

ताईने डबा उचलला आणि दाराबाहेर उपडा केला. बाहेर 'साहेब' उभा होता. हा त्यांचा कोंबडा, छाती काढून चालायचा म्हणून हे नाव. त्याने सांडलेल्या राड्यात एकदा चोच घातली आणि मान झटकून निघून गेला.

"बघ," ताई म्हणाली. "त्यालाही चालत नाही."

धाकटा हसला. पुन्हा करणार नाही म्हणाला. ताईने विश्वास ठेवला, कारण त्याच्याशी भांडायला ते एकच कारण नव्हतं आणि मोठं भांडण तिला टाळायचं होतं. धाकट्याला गवतावर पिंजऱ्यांची शेड हवी होती. तीन मजली पिंजरे, हजार कोंबड्या, अंडं घातलं की आपोआप घरंगळत पन्हळीत. जाळीवाला येऊन मापंही घेऊन गेला होता. जमीन दोघांच्या नावावर, म्हणून ताईची सही लागणार होती, आणि ती देत नव्हती. महिन्यापूर्वी स्वयंपाकघरात बसून दोघांनी तोडगा काढला: बेकरीची मागणी आहे तोवर कोंबड्या गवतात. बेकरी सुटली की पिंजरे, आणि ताईने मुकाट्याने सही करायची. बाजारात काय खपतं हा धाकट्याचा प्रश्न. बेकरी ताईची.

बेकरीला दर बुधवारी बारा ट्रे जात. गेली सहा वर्षं.

रविवारच्या त्या फासलेल्या आठ ट्रेंचं काय करायचं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. ताईच्या मते धाकटा ती खड्ड्यात टाकणार होता. धाकट्याच्या मते ती पुढच्या शनिवारी जाणार होती. ट्रे शेडमध्येच राहिले, पत्र्याखाली, उन्हाळ्यात.

मंगळवारी दुपारी ते चिमणीच्या हाती लागले. चिमणी म्हणजे धाकट्याची बायको. आवाजावरून पडलेलं नाव. तिला घरातली धुसफूस सहन होत नसे. दोघं भावंडं जेवताना एकमेकांकडे बघत नव्हती, आणि कारण तिला माहीत होतं. तेव्हा तिने ते कारणच धुऊन काढायचं ठरवलं.

बुधवारी सकाळी ताई खुराडं ढकलत होती. एक चाक रुतलं होतं, त्यात वेळ गेला. तेवढ्यात धाकट्याने बेकरीचे ट्रे गाडीत भरले, नेऊन पोचवले आणि परस्पर पेंड आणायला गेला. साडेनऊला ताई हात धुऊन अंड्यांच्या खोलीत आली, तर तिने पेन्सिलीने तारीख घातलेले बारापैकी आठ ट्रे मांडणीवर जसेच्या तसे होते.

मग गेलं काय?

दाराशी, धुताना बारीक तडा गेला म्हणून बाजूला काढलेली पाच-सहा अंडी एका वाडग्यात होती. ताईने एक उचललं. ते गुळगुळीत होतं, ओल्या काचेसारखं चकाकत होतं. ताज्या अंड्यावर बोटाला कळेल न कळेल असा एक कोरडा पापुद्रा असतो. कोंबडीच तो देते, त्याने कवचाची बारीक छिद्रं बंद राहतात. या अंड्यावर तो नव्हता.

"चिमणे!"

चिमणी पदराला हात पुसत आली. तिचा चेहरा खुललेला होता.

"बघितलीत ताई? एका अंड्यावर डाग ठेवला नाही. आठ ट्रे. कंबर मोडली माझी. यांना म्हटलं, तुमचं भांडण मिटलं, आता ही बेकरीला देऊन टाका, ताईंची ताजी तेवढी बाजारासाठी राहतील. शनिवारी लोकांना कोरी अंडी घ्यायची सवय लागू दे."

"कशाने धुतलीस?"

"पाण्याने."

"गरम?"

"गरम कशाला? उकडतील ना! नळाचं, गार. मोठ्या टबात. स्पंजने."

"पाणी किती वेळा बदललंस?"

चिमणीने बाहेर नळाकडे पाहिलं. टब अजून नळाखालीच होता. ताई बाहेर जाऊन बघून आली. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं, तपकिरी, वर पिसांचं आणि फेसाचं कडं. आठ ट्रे, दोनशे चाळीस अंडी, एकच पाणी. तापलेलं अंडं गार पाण्यात पडलं की आतलं आकसतं आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. टबातलं पाणी कमी झालं होतं ते सगळंच काही सांडलेलं नव्हतं, असं ताईच्या मनात आलं.

"काय झालं ताई? चुकलं का माझं?"

"तू फक्त कुठे जाऊ नकोस," ताई म्हणाली आणि स्कूटर काढली.

बेकरीवाल्या बाईला सगळे मावशी म्हणत. साठीची, रुंद खांद्यांची, बोलायला तिखट. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा ट्रे घेतले, तेव्हा ती एकेक अंडं आधी वाटीत फोडायची, नाकाशी धरायची आणि मगच पातेल्यात ओतायची. वर्षभरानंतर तिने वाटी फळीवर ठेवून दिली. तेव्हापासून ताईची अंडी ती दोन्ही हातांनी, दोन-दोन, थेट पातेल्यात फोडत असे. बेकरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे करून दाखवायची. ताईला कुणी मानपत्र दिलं असतं तरी तिला एवढं बरं वाटलं नसतं.

ताई मागच्या दाराने आत शिरली. भट्टी पेटलेली होती, लोण्याचा आणि साखरेचा वास कोंदला होता. मावशी मोठ्या पातेल्यावर वाकली होती. कोपरापर्यंत हात पिवळे. सात ट्रे रिकामे होऊन एकावर एक रचलेले.

"आल्या बघा कोंबड्यांच्या आई!" मावशी म्हणाली. "आज काय विशेष? आणि अंडी काय गं चकाकतायत? पॉलिश मारलंस की काय?"

ताईने पातेल्यात पाहिलं. मिश्रण सुरेख होतं. घट्ट, पिवळंधमक, वर बारीक बुडबुडे. वास फक्त लोण्याचा. एकही अंडं नासकं निघालेलं नव्हतं. कदाचित पुढेही निघालं नसतं. मिश्रण साच्यांतून भट्टीत गेलं असतं, आचेवर सगळं भाजून निघालं असतं, संध्याकाळी केक विकले गेले असते. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं. बेकरी राहिली असती, गवत राहिलं असतं.

मावशीने साखर विरघळली का ते बघायला करंगळी मिश्रणात बुडवली आणि चाटली.

"मावशी, थांबा," ताई म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. डबा, ब्रश, पत्र्याखालचे दोन दिवस, टब. काही गाळलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. मावशी ऐकताना स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग ती बेसिनपाशी गेली, करंगळी तोंडात घातली होती ते आठवून थुंकली, पुन्हा थुंकली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले.

"दाढीचा ब्रश?" तिने विचारलं.

"हो."

"वडलांचा?"

"हो."

"शी!"

पातेलं एकटीला उचलेना. ताईने दुसरा कान धरला आणि दोघींनी मिळून ते मागच्या गटारात उपडं केलं. एवढं मिश्रण पटकन वाहून गेलं नाही. जाळीवर पिवळा ढिगारा साचून राहिला, आणि मावशीला तो काठीने ढोसत बसावं लागलं.

"सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," ती काठी टाकून म्हणाली. "म्हणून तुला हाकलत नाही. पण बारा ट्रे आता नाहीत. पुढच्या बुधवारी एक आण. तू स्वतः आण." तिने फळीवरची वाटी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि टेबलावर ठेवली.

उरलेले पाच ट्रे घेऊन ताई घरी आली. त्यात चार तिचे स्वतःचे होते, तळाशी रचलेले, पेन्सिलीची तारीख असलेले. धुतलेला एकच उरला होता. धाकटा ओसरीवर बसून पेंडीची पोती मोजत होता.

"एक ट्रे?" ऐकून तो म्हणाला. "म्हणजे बेकरी सुटली म्हण की. कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? एक तरी अंडं नासलं होतं का?"

"नाही."

"मग! उगाच राईचा पर्वत. जाळीवाल्याला शुक्रवारी बोलावतो. ठरलंय आपलं, शब्द फिरवू नकोस."

"फिरवत नाही." ताई आत गेली आणि काचेचा पेला घेऊन आली. धुतलेल्या ट्रेमधलं एक अंडं तिने धाकट्याच्या डोळ्यांसमोर पेल्याच्या काठावर फोडलं. बलक गोल, उभा, पांढरं स्वच्छ. तिने वास घेऊन त्यालाही दिला. "बरंय ना?"

"बरंय की."

"मग पी."

धाकटा दररोज सकाळी एक कच्चं अंडं पीत असे. वडील प्यायचे, त्यांनीच सवय लावलेली. पण गेला महिनाभर तो अंडं ताईच्या टोपलीतून घेत होता, हाताशी बाजारचे ट्रे असले तरी. ताईने ते पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिला रविवारनंतर लागला.

"हे पी," ती म्हणाली, "आणि कागद आण. आत्ता सही करते. शुक्रवारची वाट बघायला नको."

चिमणी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला अजून टबाचा वास होता आणि ती हात अंगापासून लांब धरून होती.

"त्यात काय एवढं," धाकटा म्हणाला. त्याने पेला घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. काही दिसत नव्हतं. ओठांपर्यंत नेला. नाकपुड्या आकसल्या. खाली घेतला, हसला, पुन्हा वर नेला. या वेळी काठ ओठाला टेकला, पांढरं घरंगळत पुढे आलं आणि त्याच्या वरच्या ओठाला लागलं.

त्याचा घसा एकदा आतून उचकला. मग दुसऱ्यांदा. पेला पायरीवर ठेवून तो धावत मोरीकडे गेला. आधी ओकण्याचा आवाज आला, मग बराच वेळ चुळा भरण्याचा.

"मलासुद्धा नसतं जमलं," चिमणी बारीक आवाजात म्हणाली. "लोकांना मात्र पाठवलं."

ताईने टब नळाखालून ओढला, कुंपणापलीकडच्या खड्ड्यापर्यंत नेला आणि उपडा केला. मागोमाग धुतलेला ट्रे आणि वडिलांचा ब्रश. माती लोटायला तिला फावडं शोधावं लागलं.

शुक्रवारी जाळीवाला टेप घेऊन फाटकात आला. कुणी बोलावलं नव्हतं, तो आपण होऊन आला होता. धाकटा ओसरीवरच होता, पण उठला नाही.

"सध्या राहू दे," तो म्हणाला आणि हाताच्या पाठीने वरचा ओठ पुसला. बुधवारपासून तो तसाच पुसत होता.